अलगदाग

लुवसानदोर्ज म्हणाला, ह्याचं नाव अलगदाग.
मी वहीत लिहिलं, आणि माझ्या भाषेतलं ‘अलगद’
न विचारता शेजारी येऊन बसलं.
तो म्हणाला, छे,
अलाग म्हणजे चितकबरं,
दाग म्हणजे दोन वर्षांचं शिंगरू.

शिंगरू!
पिंजऱ्यात माझ्या मुठीएवढं होतं ते,
कान ताठ,
पुढचे दोन पाय हनुवटीखाली जुळवलेले,
उसने पैसे मागायला आलेल्या माणसासारखे.
कापडी पिशवीसकट एकशे सात ग्रॅम,
पिशवी नऊ.

पण मागचा पाय दोन बोटांत धरला
तेव्हा म्हाताऱ्याचं बरोबर निघालं.
तळपायाची तीन हाडं जुळून एकच झालेली,
घोड्याच्या नळीसारखी, सरळ, पोकळ, हट्टी.
कडेची दोन बोटं जमिनीला टेकतही नव्हती.
गोबीत पळायचं असेल
तर पाय असाच लागतो,
मग तुम्ही खूर लावा नाहीतर नखं.

पाण्याची गाडी तीन दिवस आली नव्हती.
विहिरीचं पाणी इतकं खारट
की उंटसुद्धा आधी तोंड फिरवत.
खोंगोरझुल भांडी वाळूनं घासत होती,
माणशी दोन मग, त्यातच चहा.

बापानं विचारलं, हे किती पितं?
काहीच नाही, मी म्हणाले. जन्मभर.
रानकांद्याच्या पातीतला ओलावा,
भुंगेऱ्याच्या पोटातला,
आणि खाल्लेलं बी आत जळताना
शरीर आपलं आपण जे पाणी करतं, ते.
हे शेवटचं मला त्यांच्या भाषेत जमेना.
खोंगोरझुलनं सांगितलं:
चुलीवर झाकण ठेवलं की त्याला घाम फुटतो ना, तसं.
दिवसा बिळाचं तोंड आतून मातीनं बुजवून घेतं,
श्वासातली वाफसुद्धा घरातच राहते.

म्हातारा हसला.
माझ्या विहिरीवर रांगेत न येणारं
हे एकच कुटुंब.

तेवढ्यात ते माझ्या तळहातावर मुतलं.
एक थेंब. मधासारखा दाट.
बॅटरीच्या उजेडात बघता बघता वाळला,
मागे मिठाची बारीक कड.
सकाळी तोंडावर मारलेलं अर्धा मग पाणी
मला आठवलं, आणि मी हात खाली घेतला.

मग लुवसानदोर्जनं सांगितलं ते असं.
एका नोव्हेंबरात तो खांबासाठी खड्डा खणत होता.
हातभर खोल हे सापडलं, गोल गुंडाळलेलं,
खड्यासारखं थंड. मेलं वाटलं.
तरी देलाच्या आत, छातीशी ठेवलं.
रात्री काहीतरी टकटकलं,
त्याला वाटलं, आपलंच काळीज.
सकाळी ते सगळ्या गेरभर उड्या मारत होतं,
बायको हसून हसून दमली.
बाहेर बर्फ. हिरवं काही नाही.
पीठ दिलं, दूध दिलं.
अंगातली चरबी त्यानं एप्रिलपर्यंत पुरवून ठेवली होती,
ती तीन दिवसांत संपली.
“मी त्याला ऊब दिली,” तो म्हणाला,
आणि पुढचं वाक्य केलं नाही.

मी पिशवीचं तोंड उघडलं.
क्षणभर ते नुसतं ऐकत राहिलं,
काय ते आम्हाला कळलं नाही,
वर कुठेतरी घुबडाचा पंख असेल, किंवा नसेल.
मग शेपटीचं काळं-पांढरं झुपकं
एकदा डावीकडे दिसलं,
एकदा उजवीकडे,
आणि तिसऱ्यांदा जिथं मी बघत नव्हते तिथं.

रकान्यात वेळ लिहिली: दोन चाळीस.
‘अलगद’ खोडायचं राहून गेलं.

गाडीचे दिवे, खोंगोरझुल म्हणाली.
आम्ही तिघं उठून उभे राहिलो.
बराच वेळ बघितलं.
तारा होता.